सुमोचे वर्ष कसे पाहावे: नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शक

व्यावसायिक सुमोच्या वर्षात सहा मुख्य स्पर्धा होतात आणि 1958 पासून ही संख्या कायम आहे. नव्या प्रेक्षकाची सुमोशी पहिली ओळख बहुधा एखाद्या छोट्या चित्रफितीतून होते. दोन अवाढव्य मल्ल एकमेकांवर आदळतात, पाच-दहा सेकंदांत एकजण रिंगणाबाहेर जातो आणि लढत संपते. अशा सुट्या लढती आठ-दहा पाहिल्या की उत्सुकता ओसरू लागते, आणि त्यात प्रेक्षकाचा काही दोष नाही. सुमोची खरी चुरस एका स्पर्धेतून पुढच्या स्पर्धेत वाहत जाणाऱ्या क्रमवारीत असते, आणि ती समजल्याशिवाय सातव्या दिवशीच्या एखाद्या मधल्या लढतीला एवढ्या टाळ्या का पडल्या हे कळत नाही. म्हणून हा लेख लढतीपासून सुरू न करता वर्षापासून सुरू केला आहे. उदाहरणासाठी 2025 हे वर्ष घेतले आहे, कारण अलीकडच्या काळात इतके बोधप्रद वर्ष क्वचितच झाले असेल.

पहिली पायरी: दिनदर्शिकेवर सहा खुणा

स्पर्धा विषम महिन्यांत होतात. त्या महिन्याच्या साधारणपणे दुसऱ्या रविवारी प्रारंभ होतो आणि पंधरा दिवसांनी, चौथ्या रविवारी, सांगता होते. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोतील र्योगोकु भागात असलेल्या कोकुगिकान या सभागृहात होतात. सध्याची वास्तू 1985 सालची असून तीत सुमारे अकरा हजार प्रेक्षक बसतात. मार्चची स्पर्धा ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची क्युशू बेटावरील फुकुओकाला होते. नागोयाची स्पर्धा 2025 पासून आयजी अरेना या नव्या सभागृहात भरू लागली.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळ सोयीची आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे सर्वोच्च विभागाच्या लढती आपल्याकडे दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास सुरू होऊन अडीचपर्यंत आटोपतात. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ असल्याने सारा कार्यक्रम अर्धा तास लवकर होतो. एनएचके वर्ल्ड जपान या वाहिनीवर इंग्रजी निवेदनासह दररोजचा संक्षिप्त कार्यक्रम मिळतो आणि काही दिवसांचे थेट प्रक्षेपणही असते. सुरुवात करणाऱ्याने पंधराही दिवस पूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये. पहिला दिवस, मधला म्हणजे आठवा दिवस आणि शेवटचे तीन दिवस पाहिले तरी पहिल्या स्पर्धेपुरते ते पुरेसे आहे.

हा क्रम सहसा मोडत नाही. 2011 मध्ये निकाल आधी ठरवून लढती केल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर मार्चची स्पर्धा रद्द झाली आणि 2020 मध्ये करोनामुळे मेची. एवढे अपवाद सोडले तर सहा दशकांहून अधिक काळ हे वेळापत्रक चालत आले आहे.

दुसरी पायरी: क्रमवारीचा कागद वाचायला शिकावे

स्पर्धा सुरू होण्याच्या तेरा दिवस आधी, सोमवारी, बांझुके प्रसिद्ध होते. बांझुके म्हणजे सर्व मल्लांची नावे दर्जानुसार लिहिलेला एकच मोठा तक्ता. तो सुमोतील पंच कुंचल्याने हाताने लिहितात आणि नंतर लहान आकारात छापला जातो. वरच्या ओळीतील नावे ठळक व रुंद असतात, आणि खाली येता येता अक्षरे इतकी बारीक होतात की तळाची ओळ वाचायला भिंग घ्यावे लागते. या कागदावर कोणाचे नाव किती जाड लिहिले आहे यावर त्याचे जेवण, झोपण्याची जागा, कपडे आणि उत्पन्न ठरते, हे लक्षात ठेवून तो पाहावा.

तक्त्यात सहा विभाग असतात. सर्वांत वर माकुउची, त्यात 42 मल्ल. त्याखाली जुर्यो, त्यात 28. या सत्तर जणांनाच मासिक वेतन मिळते. त्याखालच्या माकुशिता, सानदानमे, जोनिदान आणि जोनोकुची या चार विभागांत कित्येक शे मल्ल असतात. त्यांना राहणे-जेवणे तालमीतून मिळते, पण पगार मिळत नाही. जुर्योतील शेवटचा आणि माकुशितातील पहिला मल्ल यांच्यात ताकदीचा फरक फारसा नसतो. तरीही एकाला महिन्याला 11 लाख येन, रेशमी रंगीत मवाशी, म्हणजे कमरेला गुंडाळायचा जाड पट्टा, आणि हाताखाली शिकाऊ मल्ल मिळतात, तर दुसरा काळ्या सुती मवाशीत लढून तालमीत परतल्यावर वरिष्ठांची कामे करतो. त्यामुळे स्पर्धेच्या अखेरच्या दिवसांत या सीमारेषेवर होणाऱ्या लढती अजिंक्यपदाच्या लढतीइतक्याच जिवावर उदार होऊन खेळल्या जातात. त्या दुपारी लवकर होतात आणि बहुतेक नवे प्रेक्षक त्या पाहतच नाहीत. माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी पाहाव्यात अशा लढती याच.

माकुउचीच्या आत पुन्हा पाच पायऱ्या आहेत: योकोझुना, ओझेकी, सेकिवाके, कोमुसुबी आणि बाकीचे सारे माएगाशिरा. माएगाशिरांना पहिल्यापासून सतरा-अठरापर्यंत क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असून पूर्वेची बाजू किंचित वरची मानली जाते. तेव्हा 'पश्चिम माएगाशिरा 3' असे वाचले की त्या मल्लाची नेमकी जागा कळते.

तिसरी पायरी: आठचा आकडा

वरच्या दोन विभागांतील मल्ल पंधरा दिवसांत रोज एक अशा पंधरा लढती खेळतात. पंधरा हा विषम आकडा असल्यामुळे आठ विजय मिळाले की स्पर्धा जमेच्या बाजूला गेली आणि आठ पराभव झाले की तोट्यात. बरोबरी अशी काही नसते. आठ-सात असा निकाल लागलेला मल्ल थोडा वर सरकतो, बारा-तीनवाला मोठी झेप घेतो आणि तीन-बारावाला कोसळतो. खालच्या चार विभागांत प्रत्येकाला सातच लढती मिळतात, म्हणून तेथे हा आकडा चार असतो.

गैरहजेरीचे काय, हा प्रश्न पुढे येतोच. दुखापतीमुळे न खेळलेला दिवस पराभवासारखाच धरला जातो. पूर्वी स्पर्धेत जखमी झालेल्याला पुढच्या स्पर्धेत जागा राखून मिळत असे. ती सवलत 2003 अखेर बंद झाली. त्यामुळे गुडघ्याला पट्टे गुंडाळून उतरणारे मल्ल पाहिले की ते हौसेने उतरलेले नाहीत हे ध्यानात घ्यावे. तेरुनोफुजी हा मंगोलियन मल्ल ओझेकी पदावर असताना गुडघे आणि आजारपण यांमुळे घसरत घसरत 2019 साली पाचव्या विभागात, जोनिदानमध्ये, पोहोचला. तेथून तो पुन्हा चढला, जुलै 2020 मध्ये माकुउचीत परतताच अजिंक्यपद जिंकला आणि 2021 मध्ये 73 वा योकोझुना झाला. या कागदावर माणूस किती खाली जाऊ शकतो आणि किती वर येऊ शकतो याचे याहून मोठे उदाहरण नाही.

ओझेकी आणि योकोझुना यांना मात्र वेगळे नियम लागू होतात. सलग तीन स्पर्धांत मिळून साधारण 33 विजय, आणि तेही वरच्या दर्जावर खेळताना, ही ओझेकी होण्याची रूढ अपेक्षा आहे. ओझेकीने एक स्पर्धा तोट्यात घालवली तर पद लगेच जात नाही, पण लागोपाठ दुसरीही गेली तर तो सेकिवाके होतो. तेथे पुढच्याच स्पर्धेत दहा विजय मिळवले तर पद परत मिळते. ओझेकी असताना सलग दोन अजिंक्यपदे किंवा त्या तोडीची कामगिरी केली की योकोझुनापदाचा विचार होतो. योकोझुनाची पदावनती कधीच होत नाही, आणि त्यातच त्याची अडचण आहे. कामगिरी खालावली तर त्याच्यापुढे निवृत्तीखेरीज मार्ग उरत नाही.

चौथी पायरी: एक मल्ल निवडून त्याच्यामागे वर्षभर जावे

हे सारे आकडे पाठ करण्यापेक्षा एक मल्ल धरून ठेवावा. तो योकोझुना नसावा, कारण त्याच्या जागेत बदल होत नाही. माएगाशिराच्या तळाचा किंवा जुर्योतून नुकताच वर आलेला मल्ल निवडला तर क्रमवारीचे सगळे नियम त्याच्या निमित्ताने आपोआप समजत जातात.

2025 मध्ये ज्याने आओनिशिकीला निवडले असेल त्याचे वर्ष फुकट गेले नाही. हा युक्रेनमधील विन्नित्सा शहराचा तरुण. युद्ध सुरू झाल्यावर 2022 मध्ये तो जपानला आला आणि आजिगावा तालमीत दाखल झाला. जानेवारी 2025 मध्ये तो जुर्योत होता. मार्चला ओसाकात माकुउचीत प्रथमच उतरला, माएगाशिरांच्या तळाजवळ, आणि अकरा विजय मिळवून गेला. मे महिन्यात पुन्हा अकरा. जुलैत तो पहिल्या क्रमांकाचा माएगाशिरा होता, म्हणजे पहिल्याच आठवड्यात बड्या मल्लांशी गाठ होती, तरीही अकरा. सप्टेंबरमध्ये कोमुसुबी म्हणून चौथ्यांदा अकरा. नोव्हेंबरमध्ये सेकिवाके म्हणून बारा विजय आणि त्यासोबत अजिंक्यपद. शेवटच्या तीन स्पर्धांची बेरीज 34 झाली आणि त्याला ओझेकीपद देण्यात आले. तो इतरांच्या मानाने हलका आहे. डोके समोरच्याच्या छातीखाली घालून, पाठ वाकवून तो इतका खाली राहतो की त्याला दाबून पाडणे प्रतिस्पर्ध्यांना जमत नाही. त्याच्या लढती पाहताना नजर चेहऱ्यावर न ठेवता कमरेवर ठेवावी.

उरलेले वर्षही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. जानेवारीत ओझेकी होशोर्यू, ओहो आणि कझाकस्तानचा किनबोझान हे तिघे 12-3 वर बरोबरीत आले, होशोर्यूने दोघांनाही हरवून अजिंक्यपद घेतले आणि तो 74 वा योकोझुना झाला. मार्चमध्ये ओनोसातोने ताकायासुला निर्णायक लढतीत हरवले. ताकायासु गेली अनेक वर्षे अजिंक्यपदाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परततो आहे आणि त्याच्याबद्दल हळहळ न वाटणारा सुमोप्रेमी विरळाच. मे महिन्यात ओनोसातोने 14-1 अशी स्पर्धा जिंकली आणि पदार्पणानंतर अवघ्या तेराव्या स्पर्धेअखेर तो 75 वा योकोझुना ठरला. जुलैत दोघे योकोझुना असताना पंधराव्या क्रमांकाच्या माएगाशिरा कोतोशोहोने 13-2 करून करंडक उचलला. सुमोत असे मधूनमधून घडते आणि म्हणूनच तळाच्या नावांकडे दुर्लक्ष करू नये.

पाचवी पायरी: लढत पाहताना

नियम दोनच आहेत. 4.55 मीटर व्यासाच्या रिंगणाबाहेर ज्याचा पाय आधी पडेल तो हरला, आणि तळपायाशिवाय शरीराचा कोणताही भाग ज्याचा आधी मातीला टेकेल तोही हरला. हौद्यातील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करेपर्यंत डाव-प्रतिडाव चालत राहतात, ही सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला सुमोचा निकाल फार चटकन लागल्यासारखा वाटतो. येथे पहिली धडकच बहुतेकदा लढत ठरवते. म्हणून मल्ल मूठ मातीला टेकवून बसले की पापणीही लवू देऊ नये. सुमोत वजनी गट नाहीत. शंभर-सव्वाशे किलोचा मल्ल दोनशे किलोच्या जवळपास असलेल्याशी लढतो, आणि हलका मल्ल धडक चुकवून बाजूला सरकला तर जड मल्ल आपल्याच वेगाने पुढे कोसळतो. असे सरकणे नियमात बसते, पण प्रेक्षकांना ते रुचत नाही. बड्या मल्लाने तसे केले तर सभागृहात नाराजी स्पष्ट ऐकू येते.

लढतीपूर्वीचे मीठ फेकणे, पाय आपटणे, एकमेकांकडे रोखून पाहणे हे माकुउचीत चार मिनिटांपर्यंत चालते. नव्या प्रेक्षकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वस्तुतः 1928 मध्ये रेडिओवरील प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा या तयारीला प्रथम वेळेची मर्यादा घालण्यात आली. त्याआधी तीही नव्हती. याच वेळात जाहिरातदारांचे पडदे हातात धरून काहीजण रिंगणाभोवती फिरतात. प्रत्येक पडदा म्हणजे विजेत्याला मिळणारे एक रोख पाकीट, त्यामुळे पडदे किती आहेत यावरून लढतीचे महत्त्व ओळखता येते.

डावांची अधिकृत यादी 82 डावांची आहे. सुरुवातीला तीनच ओळखता आले तरी बहुतेक निकाल कळतात: योरिकिरी, म्हणजे मवाशी धरून छातीने रेटत बाहेर काढणे, ओशिदाशी, म्हणजे हातांनी ढकलत बाहेर घालवणे, आणि हाताकिकोमी, म्हणजे पुढे येणाऱ्याला वरून थोपटून खाली पाडणे. पंचाचा निर्णय संशयास्पद वाटला तर रिंगणाखाली बसलेले पाच परीक्षक वर येऊन चर्चा करतात. 1969 पासून त्यासाठी चित्रफितीची मदत घेतली जाते. निर्णय कायम राहतो, उलटतो किंवा लढत पुन्हा होते.

सहावी पायरी: पंधरा दिवसांतील चढण

स्पर्धेच्या जोड्या एकदम ठरत नाहीत. परीक्षक मंडळ साधारणपणे आदल्या दिवशी, तोपर्यंतचे निकाल पाहून, जोड्या लावते. एकाच तालमीतील मल्ल आणि सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध लढत नाहीत, फक्त अजिंक्यपदाच्या निर्णायक लढतीत ही आडकाठी नसते. पहिल्या आठवड्यात योकोझुना वरच्या माएगाशिरांशी लढतात. एखाद्या माएगाशिराने योकोझुनाला हरवले तर त्याचा सोनेरी तारा म्हणून गौरव होतो आणि त्याबद्दल पुढील प्रत्येक स्पर्धेत त्याला जादा रक्कम मिळत राहते. दुसऱ्या आठवड्यात बडे मल्ल आपसांत भिडतात, आणि पंधराव्या दिवशी 7-7 वर अडकलेल्यांच्या लढती येतात. 2011 च्या प्रकरणानंतर अशा लढतींकडे काही काळ संशयाने पाहिले गेले, हेही नव्या प्रेक्षकाला ठाऊक असावे.

अखेरच्या दिवशी बरोबरी झाली तर तेथेच निर्णायक लढत होते. सप्टेंबर 2025 मध्ये ओनोसातो एका विजयाने पुढे होता. होशोर्यूने नियमित लढतीत त्याला हरवून 13-2 अशी बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात दोघे योकोझुना पुन्हा समोरासमोर आले. या वेळी ओनोसातो जिंकला. नोव्हेंबरमध्ये तो शेवटच्या दिवशी खांद्याच्या दुखापतीमुळे उतरलाच नाही, होशोर्यूला न लढता बारावा विजय मिळाला, आणि मग निर्णायक लढतीत आओनिशिकीने त्याला नमवले. विजेत्याला सम्राटांच्या नावाचा करंडक आणि एक कोटी येन मिळतात. त्याखेरीज पराक्रम, जिद्द आणि तंत्र यांसाठी तीन विशेष पारितोषिके असतात, पण ती ओझेकी व योकोझुना यांना दिली जात नाहीत.

प्रत्यक्ष जायचे असल्यास

टोकियोतील स्पर्धेचे तिकीट मिळवणे हाच सर्वांत अवघड भाग आहे. विक्री साधारण महिनाभर आधी सुरू होते आणि शनिवार-रविवारची तिकिटे हा हा म्हणता संपतात. आठवड्याच्या मधल्या दिवसाचे, वरच्या मजल्यावरील खुर्चीचे तिकीट हा नवख्यासाठी सर्वांत शहाणपणाचा पर्याय होय. खालच्या मजल्यावरील चौकोनी बैठकीत बूट काढून गादीवर मांडी घालून बसावे लागते, आणि चारजणांसाठी आखलेल्या जागेत चार धिप्पाड माणसे मावत नाहीत. रिंगणाला लागून असलेल्या जागांवर खाण्यापिण्यास मनाई असते, शिवाय मल्ल अंगावर येऊन पडण्याची शक्यता असते ती वेगळीच.

तिकीट दिवसभराचे असते. सकाळी तळाच्या विभागांच्या लढती होतात तेव्हा सभागृह जवळपास रिकामे असते, एकेका धडकेचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतो, आणि दुपारी दोनच्या सुमारास जुर्योचे मल्ल येऊ लागेपर्यंत गर्दी होत नाही. टोकियोच्या एदोगावा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना र्योगोकु रेल्वेने जवळ आहे, त्यांनी एखादा दिवस पूर्ण काढावा. कोकुगिकानच्या तळघरात भाजली जाणारी कोंबडीची याकितोरी प्रसिद्ध आहे. चांकोनाबे हा मल्लांचा रस्साही चाखण्यासारखा असतो, परंतु त्यात मांस किंवा मासे असतातच, तेव्हा शाकाहारी मंडळींनी डबा सोबत न्यावा.

स्पर्धांच्या मधल्या महिन्यांत

स्पर्धा संपल्यानंतरच्या बुधवारी पुढची क्रमवारी ठरवण्याची बैठक होते. जुर्योत बढती मिळालेल्यांची आणि नव्या योकोझुना-ओझेकींची नावे त्याच वेळी जाहीर होतात, बाकीची पुढच्या बांझुकेपर्यंत गुप्त राहतात. फेब्रुवारीत नारितासान मंदिरातील सेत्सुबुनच्या उत्सवात मल्ल भाजलेले सोयाबीन गर्दीत उधळतात. एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांत मल्लांचे दौरे गावोगाव जातात. त्यांतील लढतींचा क्रमवारीशी संबंध नसतो, पण ज्या गावांत स्पर्धा होत नाहीत तेथील लोकांना मल्ल जवळून दिसतात. ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पाच दिवसांचा कार्यक्रम झाला.

याच दौऱ्यांपैकी एकात, एप्रिल 2018 मध्ये मैझुरु येथे, रिंगणावर भाषण करताना महापौर कोसळले, त्यांच्या मदतीला धावलेल्या महिलांना पंचाने ध्वनिक्षेपकावरून खाली उतरण्यास सांगितले, आणि संघटनेच्या अध्यक्षांना नंतर माफी मागावी लागली. स्त्रियांना रिंगणावर प्रवेश नाही ही प्रथा त्यानंतरही बदललेली नाही, आणि ती पटण्यासारखी नाही.

डिसेंबरचा दौरा संपत आला की जानेवारीच्या स्पर्धेचे बांझुके नाताळच्या आसपास प्रसिद्ध होते. इंग्रजी आवृत्ती सुमो संघटनेच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी मिळते. नोव्हेंबरमधील निकालाची नोंद हाताशी ठेवून आपल्या मल्लाची नवी जागा आधी स्वतः अंदाजाने लिहावी आणि मग तक्ता उघडावा.